जुनाट इजेनंतर यकृताची भरपाई आणि रोगप्रतिकारक पेशी

प्रश्न: शस्त्रक्रियेत दोन तृतीयांश यकृत काढले, तरी उरलेला निरोगी भाग वाढून भरपाई करतो, मग जुनाट हिपॅटायटिसमध्ये (यकृताच्या दीर्घकाळच्या दाहात) तंतुमय ऊतीच का साचत जातात?

उत्तर १: कारण दाह थांबतच नाही. मॅक्रोफेज (जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशी टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन सोडत राहतात आणि एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी कोलॅजन, म्हणजे तंतुमय ऊतींचे मुख्य प्रथिन, तयार करू लागतात.

उत्तर २: तरीही मॅक्रोफेजना केवळ दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मूळ कारण दूर झाले, की त्यांच्यापैकीच काही मृत पेशींचे अवशेष गिळून आपले वर्तन बदलतात आणि कोलॅजन तोडणारी विकरे (एन्झाइम) स्रवतात. हिपॅटायटिस सी बरा झाल्यावर अनेकांचा फायब्रोसिस (तंतुमय ऊती साचणे) ओसरतो, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

प्रश्नकर्ता: सिरॉसिसमध्येही, म्हणजे तंतुमय ऊतींनी यकृत कठीण झालेल्या पुढच्या अवस्थेतही?

उत्तर २: काही प्रमाणात होय, मात्र जुने, घट्ट जुळलेले कोलॅजन सहजासहजी विरघळत नाही, म्हणून उपचार लवकर व्हायलाच हवेत.