मदत हवी आहे: कर्नलमधला मेमरीचा कमिट (कोडमधला एक नोंदवलेला बदल) रिव्हर्ट होत नाहीये, म्हणजे मागे घेता येत नाहीये
लिनक्सचा स्टेबल कर्नल अपडेट केल्यापासून रॅम भरत आली की केस्वॅपडी (मेमरी मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड) एक अख्खा कोअर खाऊन बसतो, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जवळपास रिकामा असतो तरी मशीन अडकतं. जुन्या कर्नलवर सगळं नीट चालतं, म्हणजे हार्डवेअर नाही. स्वॅपिनेस (स्वॅप किती वापरायचा त्याची सेटिंग) कमी-जास्त केलं, एमजीएलआरयू (मेमरीतून आधी काय काढायचं ते ठरवणारी नवी पद्धत) बंद करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. गिट बायसेक्टने (बिघाड आणणारा कमिट शोधायची कमांड) पेज रिक्लेमचा, म्हणजे मेमरी परत मोकळी करण्याचा, एक कमिट दाखवला पण रिव्हर्ट मारलं की व्हीएमस्कॅन डॉट सी या फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट (बदल एकमेकांशी जुळत नाहीत), कारण नंतरच्या दोन कमिट्सनी तेच फंक्शन बदललंय. त्यातल्या एकाला या कमिटचा फिक्सेस टॅग (याच कमिटमधली चूक दुरुस्त करतो अशी खूण) आहे, दुसऱ्याला नाही (तोच खरा वैताग). जुन्या कर्नलवर राहता येत नाही, नवा नेटवर्क ड्रायव्हर लागतो. तर तिन्ही उलट्या क्रमाने रिव्हर्ट करू, की टॅग नसलेला ठेवून कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवू?