बर्ट विल्यम्स मुळात काळा असून तोंडाला काळं का फासायचा?

कुडाळचो_झील:
मंडळी, मी आमच्या वाडीच्या दशावतारात संकासुर (काळ्या वेषातला विनोदी राक्षस) करतो (हौशी ओ, कंपनीत नाही), त्यामुळे यूट्यूबवर जुने विनोदी नट बघत बसायची खोड लागलीय. परवा १९१६ ची एक मूक फिल्म लागली, त्यात बर्ट विल्यम्स नावाचा नट कोठडीत एकटाच बसून पोकर खेळतो. हातात पत्ता नाही, समोर भिडू नाही, तरी पानं पिसतो, वाटतो, आपली पानं जरा जरा सरकवून बघतो, मधेच बाजूच्या भिडूवर संशय, आणि शेवटी हरतो पण. एकट्याने खेळून हरतो!! नंतर वाचलं तर हा माणूस मुळात काळाच, तरी तोंडाला काळं फासून उतरायचा. हे काय प्रकरण?

हापूस_नाय_पायरी:
तिकडे अमेरिकेत १८३० च्या सुमारापासून गोरे लोक तोंड काळं करून काळ्यांची टिंगल करायचे, मिन्स्ट्रेल शो म्हणतात त्याला. पब्लिकला सवयच तीच, मग खरे काळे नट आले तरी त्यांनाही तेच सोंग घ्यायला लागलं. बुच जाळून ती पूड पाण्यात कालवून फासायची. बर्टचा जन्म बहामामधल्या नासाऊचा, १८७४, रंगाने तसा उजळच. १८९३ ला सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज वॉकर भेटला आणि जोडी जमली. १९०३ ला त्यांचं 'इन दाहोमी' हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या थेटरांच्या भागात लागलं, लिहिणारे काळे, काम करणारे काळे, मोठ्या थेटरात असं पहिल्यांदाच. मग लंडनला गेले, बकिंगहॅम पॅलेसमध्ये पण खेळ झाला. तो स्वतः म्हणायचा की आपल्याकडे दुसरा माणूस म्हणून बघता आलं तेव्हा कुठे विनोद सुचायला लागला, हे तुला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

बंदरावरचा_बोका:
कौतुक पुरे रे. वॉकर त्याच्याच शेजारी उभा राहून रंग न लावता छैलछबिला करायचा ना? मग ह्याने का लावायचा? गोऱ्यांना जो बावळट, रडका काळा बघायचा होता तोच ह्याने आयुष्यभर विकला. आणि संकासुराशी तुलना तर करूच नका, आपल्याकडे सोंग उतरवलं की त्या माणसाला पहाटे चहा द्यायला कोण नाही म्हणत नाही.

सड्यावरून:
बोक्या, शेवटचं बरोबर बोललास, पण मग पूर्ण बोल की. वॉकर आजारी पडला, १९११ मध्ये गेला. त्याआधीच १९१० ला झीगफेल्ड नावाच्या निर्मात्याने बर्टला आपल्या फॉलीज ह्या नाच-गाणी-विनोदाच्या शोमध्ये घेतलं, गोऱ्या नटांनी काम सोडायची धमकी दिली, झीगफेल्ड बधला नाही. काही वर्षांत तोच शोचा मोठा आकर्षण झाला आणि तरी हॉटेलात राहायला गेला तर सामानाच्या लिफ्टने वर जायचं. अशा ठिकाणी रंग न लावता उभं राहायचा चॉइस किती जणांना होता? त्याच शोमधला गोरा विनोदवीर डब्ल्यू. सी. फील्ड्स म्हणाला होता, मी पाहिलेला सगळ्यात मजेशीर माणूस आणि ओळखीतला सगळ्यात दुःखी माणूस. मला विचारशील तर तो पोकर बघ, त्यात बावळटपणा नाहीच, मुरलेल्या जुगाऱ्याची नजर आहे. १९२२ ला डेट्रॉइटला स्टेजवरच कोसळला, लोकांना वाटलं हा पण विनोदच, हसले. काही दिवसांत न्यूयॉर्कला गेला, सत्तेचाळीस वर्षांचा.

कुडाळचो_झील:
आवशीचो घो, लोक हसले??? बोक्या तुझो राग माका पटता रे, पण स्टेजवर त्याच्याइतका थांबून थांबून काम करणारा मी तरी बघितला नाही. अजून काय बघायला मिळेल त्याचं?

हापूस_नाय_पायरी:
'नोबडी' ऐक, रेकॉर्ड १९०६ ची, अर्धं गाणं अर्धं बोलणं, आवाज खरखरतो पण टायमिंग कळतं. आणि १९१३ ला एका सिनेमाचं शूटिंग झालेलं, तो कधी लागलाच नाही, रिळं न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये पडून होती, २०१४ ला जुळवून दाखवली. त्यात दोन टेकच्या मधलं पण आहे, कॅमेरा चालूच राहिलेला. ते आधी बघ.