व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू होताच ओलाव्याच्या सेन्सरचे आकडे उडतात

प्रश्न: रावेरकडची केळीबाग, ५ एचपी मोटर. सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पीव्हीसी पाइपात, ४० मीटर. अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली, फरक शून्य.

उत्तर १: भाऊ, अर्थ न केलेली फॉइल म्हणजे नुसती सजावट. अर्थ केली तरी विद्युतक्षेत्रच अडेल. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तांब्यातही स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत शिरून बरंच क्षीण होतं ती खोली) ९ मिमी लागते. सेन्सरची वायर मोटरच्या केबलपासून ३० सेंमी दूर न्या, ट्विस्टेड पेअर (एकमेकींत पिळलेल्या दोन तारा) वापरा.

उत्तर २: खरा उपद्रव व्हीएफडीच्या स्विचिंगचा (वीज अतिवेगाने चालू-बंद करण्याचा). मोटरची केबल शील्डेड (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) घ्या, शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण वेढणाऱ्या क्लॅम्पने अर्थ करा. शील्डच्या तारा पिळून केलेली शेपटी नको, उच्च वारंवारितेला तिचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) नडतो. सेन्सरचं शील्ड मात्र फक्त कंट्रोलरकडे जोडा.

प्रश्नकर्ता: शील्ड म्हणून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप चालेल का?

उत्तर २: चालेल, पण सांधे घट्ट हवेत. गंजला सांधा की शील्ड तुटलं.