अंतर्गत नियंत्रणाचा अहवाल नक्की कुणासाठी?

वहीखाते: कंपनी कायद्याच्या कलम १४३ (३) (आय) खाली अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवर (पैशांच्या व्यवहारांत चूक वा लबाडी होऊ नये म्हणून कंपनीने घातलेल्या बंधनांवर) लेखापरीक्षकाने द्यायचे मत म्हणजे निव्वळ कागदी घोडे आहेत आणि सत्यम प्रकरणाने ते सिद्धच केले, असे काल एका सदस्याने येथे लिहिले. सत्यम या हैदराबादच्या संगणक कंपनीची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी होती, नियंत्रणांवर असेच मत मागणारा अमेरिकेचा सार्बेन्स-ऑक्सली कायदा तिला लागू होता आणि तरीही ७ जानेवारी २००९ च्या तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्रात ५,०४० कोटींची रोख व बँकशिल्लक खोटी असल्याची कबुली आली, हे खरे आहे. पण तेथे बँकेकडून शिल्लक पडताळून घेण्याची पत्रे लेखापरीक्षकांनी स्वतः न पाठवता कंपनीच्याच हवाली केली होती, आणि त्याबद्दल २०११ मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांना अमेरिकी नियामकांनी एकूण ७५ लाख डॉलर दंड केला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर दोष कुलपाला कसा देता येईल?

चाकणचा लेखापाल: काल लिहिणारा मीच. आमच्या खाजगी कंपनीची उलाढाल ६० कोटी आहे. खाजगी कंपन्यांना या मतातून २०१७ मध्ये दिलेली सूट मिळण्यासाठी उलाढाल ५० कोटींच्या आत आणि कर्जे २५ कोटींच्या आत, अशा दोन्ही अटी पाळाव्या लागतात, त्यामुळे आम्ही अडकलो. दरवर्षी लेखापरीक्षकांचा आर्टिकल, म्हणजे शिकाऊ उमेदवार, नियंत्रणांच्या तपासणीचा गेल्या वर्षीचाच तक्ता आणतो आणि त्यावरचे वर्ष बदलतो. माल-आवकेच्या पावतीवर भांडार व्यवस्थापकाची सही असते आणि हे नियंत्रण परिणामकारक आहे, असे त्यात लिहिलेले असते. ते पद दोन वर्षे रिकामे आहे.

वहीखाते: म्हणजे तपासणी झालीच नाही. हा पुरावा तर माझ्याच बाजूचा झाला.

चाकणचा लेखापाल: तपासणी करायला कुणी येतच नसेल, तर त्या मताची फी आम्ही का भरावी? आणि आता त्यावर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉगचा, म्हणजे हिशेबाच्या संगणकात प्रत्येक बदल कधी झाला याची आपोआप राहणाऱ्या नोंदीचा, जाच. भाड्याच्या नोंदीच्या तपशिलात मी ‘मे’ हा एक शब्द वाढवला, तर त्याचा खुलासा लेखी मागितला गेला. शुद्धलेखनाचेही लेखापरीक्षण सुरू झाले आहे काय?

निवृत्त ऑडिटर: लॉगला नावे ठेवण्यापूर्वी माझे ऐका. एका कारखान्यात मी सप्टेंबरमध्ये बसलो असताना मे महिन्याची रोख शिल्लक उणे दिसली. पेटीत नसलेले पैसे खर्च कसे झाले, असे मी विचारले. चहा येईपर्यंत शिल्लक अधिक झाली, कारण जूनमध्ये बँकेतून काढलेली रक्कम तेवढ्या वेळात मेमध्ये सरकली होती. त्या काळी त्याचा मागमूस राहत नसे. आज लॉग बंद करता येत नाही आणि तो आठ वर्षे जपावा लागतो, हेच काही जणांना खुपते आहे.

चाकणचा लेखापाल: या टोमण्याचा रोख माझ्यावर दिसतो, तेव्हा स्पष्टच विचारतो: ती उणे शिल्लक आपण अहवालात लिहिली होती, की चहा घेऊन सही केली होती?

निवृत्त ऑडिटर: सही केली होती. वर्षअखेरची शिल्लक जुळत होती, आणि पुढच्या वर्षीचे काम हवे होते.

वहीखाते: कृपया मूळ मुद्द्यावर यावे.

चाकणचा लेखापाल: मुद्दा हाच आहे. एडिट लॉग राहू द्या, उपकार समजून मान्य करतो. निदान तो तरी कुणाच्या सहीची वाट पाहत नाही. नियंत्रणांवरच्या मताचे मात्र, आमचे रिकामे पद यंदा तक्त्यात दिसले, तर बघू.