नृत्याची हालचाल प्रकाशात आणि वास्तूत कशी उतरवावी?

प्रश्न
मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बारा वर्षे कथक शिकते आहे. नर्तिकेच्या हालचालीबरोबर भिंतींवरच्या प्रकाशरेषा बदलत जातील असे एक दालन मी प्रकल्पासाठी रचते आहे. किनेक्टने (शरीराची हालचाल ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने) सांधे टिपल्यावर हातांच्या रेषा सुरेख उमटल्या, परंतु तत्कार (पावलांचे तालबद्ध आघात) सुरू होताच भिंत जवळजवळ निश्चल राहिली. ज्यात तत्कार दिसत नाही, त्याला कथक म्हणायला माझे मन धजत नाही. काय बदलावे?

उत्तर १
हा कॅमेरा सेकंदाला 30 चौकटी टिपतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत तुम्ही अठगुन (एका मात्रेत आठ आघात) केलीत, तर सेकंदाला 16 आघात पडतात, म्हणजे एका आघाताच्या वाट्याला जेमतेम दोन चौकटी येतात; त्यातही पाऊल जमिनीपासून फारसे उचलले जात नसल्याने घोट्याचा बिंदू जागचा हलत नाही. म्हणून पाऊल यंत्राला ऐकवावे. लाकडी फळीच्या खालच्या बाजूस पिएझो चकत्या (आघाताचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) चिकटवल्या, तर आघाताची वेळ आणि जोर दोन्ही हाती येतात. नर्तकाच्या हालचालीने दुसरे माध्यम जागे करण्याची कल्पना जुनी आहे: अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या 1965च्या ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’मध्ये रंगमंचावरील अँटेना आणि प्रकाशसंवेदी घट (फोटोसेल) नर्तकांच्या वावराने ध्वनी बदलत असत.

उत्तर २
वरील सूचना योग्यच आहे, पण प्रत्येक आघाताला एक ठिणगी एवढ्यावर थांबू नये, असे मला कळकळीने वाटते. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांच्या 17 नर्तक आणि 20 टेबलांच्या ‘वन फ्लॅट थिंग, रिप्रोड्यूस्ड’ या नृत्यरचनेवर ओहायो स्टेट विद्यापीठात काम झाले आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोण कोणाला इशारा देतो आणि कोणाच्या हालचाली क्षणभर जुळतात, हे चित्रफितीवर रंगीत रेषांनी दाखवले आहे; शरीराच्या बाह्याकृतीपेक्षा नर्तकांमधले नाते तिथे डोळ्यांना दिसते. कथकात असे नाते तुमचे पाऊल आणि लेहरा (तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) यांच्यात असते. तीनतालाचे आवर्तन 16 मात्रांचे, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कधी येणार हे संगणकाला आधीच ठाऊक असू शकते. प्रोजेक्टरला लागणारा विलंब मोजून तेवढा आधी आदेश दिला, तर प्रकाश समेवरच पडेल. तिहाईच्या, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांच्या, तीन पल्ल्यांत भिंती क्रमाने आत सरकत आहेत असा भास निर्माण केलात, तर वास्तूही तालात येईल.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. फळीचा प्रयोग काल केला आणि पहिल्यांदाच भिंतीवर माझी चौगुन मला ओळखू आली. आता चकरांची अडचण उरली आहे: पाठ कॅमेऱ्याकडे वळली की डावा आणि उजवा हात यांची अदलाबदल होते.

उत्तर १
चकरांपुरते कॅमेऱ्यावर विसंबू नये. कमरपट्ट्यात एक लहान जायरोस्कोप बसवल्यास फिरण्याचा वेग थेट मिळेल, आणि प्रकाशाचे वलय त्याच वेगाने फिरवता येईल.