कामानिमित्त कोकणात गेलात, मग एक मुक्काम वाढवलात का? अनुभव लिहा

मंडळी, मार्च संपला की बँकांच्या शाखांची ऑडिटं सुरू होतात. रत्नागिरीकडच्या शाखा मी मागून घेते. काम आटपल्यावर टीममधले बाकीचे रात्रीची गाडी धरतात, मी मात्र स्वतःच्या खर्चानं मुक्काम वाढवते. तोही गणपतीपुळ्याला नाही, शहरातच.

कारण सांगते. ट्रॉलरची कर्जं, आंबा बागायतदारांची पीककर्जं, बर्फ कारखान्यांची कॅश क्रेडिट खाती, सगळं कागदावर बघून झालेलं असतं. मग सकाळी मिरकरवाड्याला जायचं. होड्या लागलेल्या असतात, बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून भुगा होत असतो आणि तो टोपल्याटोपल्यांनी होडीच्या पोटात जात असतो. डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचा वाटा किती, हे तिथल्या बायका न विचारता सांगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खात्यात काही जमा का होत नाही, हे धक्क्यावर उभं राहिल्यावर जसं कळतं तसं फाइल वाचून कळत नाही. बाजारात आंब्याच्या पाच डझनी पेट्या भरताना बघितल्यावर पीककर्जाचंही तसंच झालं. तेव्हापासून माझे शेरे बदलले आहेत, आणि याचं श्रेय मी या शहराला देते.

संध्याकाळी थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजवाडा बांधून झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे स्वतःच्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्या उतरत्या छपराखाली उभी राहिले की मला दर वेळी त्याच्या मुलींची आठवण येते. त्या तर इथेच वाढल्या.

तुमचं काम आणि तुमचं गाव कोणतं? सविस्तर लिहा.

पॅकेजिंग डिझाइन, पुणे

कुडाळ एमआयडीसीत काजूवाल्या एका क्लायंटकडे गेलो होतो. बैठक दुपारी आटपली, गाडी दुसऱ्या दिवशीची होती. त्यांनीच सुचवलं, सावंतवाडी बघून या. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवणारे कारागीर बसतात. मी तिथे बसलो तो उठेचना. दशावतारी गंजिफेचा संच १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. पानं गोल, त्यामुळे कारागीर हात फिरवत नाही, पान फिरवतो. ब्रश जागच्या जागी आणि कडेची रेघ एका दमात पुरी. मत्स्याच्या पानावर मासेच मासे, कूर्माच्या पानावर कासवं. अक्षर न वाचता रंग आणि आकडा दोन्ही कळतात.

आमच्या धंद्यात याच गोष्टीसाठी आम्ही रात्र रात्र जागतो. काजूच्या प्रती वेगवेगळ्या (डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, तुकडा), आणि त्या गिऱ्हाइकाला लांबून ओळखता यायला हव्यात. राजवाड्यातल्या त्या बैठकीनंतर मी प्रतीगणिक चिन्हं योजली, आकडा बारीक केला. गंजिफेची चित्रं उचलली नाहीत, उचलूही नयेत. ती त्या कारागिरांची आहेत. शिस्त तेवढी घेतली.

चितार आळीत लाकडी फळं घ्याच. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, हलकं आणि मऊ म्हणून. दुकानदारांशी बोलत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते.

एमआर, चिपळूण-खेड-दापोली

माझं थोडक्यात. दापोलीचे डॉक्टर दुपारी भेटत नाहीत, म्हणून मी हर्णैला उतरतो. संध्याकाळचा लिलाव बघायचा, सुवर्णदुर्ग समोर असतोच. पावसाळ्यात मात्र यातलं काही नाही. होड्या वर ओढलेल्या असतात आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदललेलं असतं. परतीच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

एचआर विभाग, ठाणे

थोडं व्यवहाराचं लिहिते, कारण याच्यावरून ऑफिसात नाहक वाद होतात. जादा दिवस राहणार असाल तर निघण्याआधीच मेल टाकून कळवा. कामाच्या रात्रींचं बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर आणि तुमच्या रात्रीचं वेगळं, तुमच्या नावावर घ्या. हॉटेलवाले दोन बिलं करून देतात. परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं महाग पडत असेल तर वरचा फरक आपण भरावा.

मी रत्नागिरीला आईला घेऊन गेले होते. मी ट्रेनिंग घेत होते तेव्हा ती टिळक आळीत टिळकांचं जन्मस्थान बघून आली. पतितपावन मंदिरात आम्ही दोघी मिळून गेलो. १९३१ चं मंदिर, पहिल्यापासून सर्व जातींना खुलं, सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजी कीरांच्या पैशानं उभं राहिलेलं. आई त्या पायरीवर बराच वेळ काही न बोलता बसली. तिच्या लहानपणी तिच्या गावच्या देवळात काय चालायचं, ते तिनं मला पहिल्यांदा तिथे सांगितलं.

मालवण, इथलाच

पाहुण्यांना आम्ही सांगतो, "बंदर बघूचां आसात तर सकाळीच येवा." दुपारी येणाऱ्याला फक्त सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. किल्लाही बघाच. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू केलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पण कामासाठी येणाऱ्यांनी आमच्या खानावळीतही बसावं. बांगड्याचं तिखलं आणि भात, तिथे गावातल्या सगळ्या बातम्या मिळतात.

सौर प्रकल्पांचं सर्वेक्षण, कोल्हापूर

आमचं काम सड्यावर. जांभ्याचं उघडं पठार, सावली नाही, उतार नाही, म्हणजे पॅनेलला उत्तम जागा असं मी समजत असे. सुट्टीच्या दिवशी रत्नागिरीजवळच्या उक्षीला गेलो. तिथे सड्यावर खोदलेला हत्ती आहे, भोवती गोल गडगा आणि उभं राहून बघायला जागा. दुपारी बारा वाजता त्यात काहीच दिसत नाही. ऊन कललं की रेघांमध्ये सावली भरते, आणि मग सोंड, पाय, पाठ असा एकेक भाग वर येतो.

रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गात अशी कातळशिल्पं पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली. कितीतरी अजून गवताखाली, मातीखाली असतील. तेव्हापासून खुणा मारण्याआधी मी सडा सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तिरप्या उन्हात चालून बघतो. गावातल्या गुराख्यांना विचारतो. त्यांना ठाऊक असतं. साइट इंजिनिअर मंडळी इथे असाल तर कृपा करून तुम्हीही बघा, जेसीबी एकदा फिरला की संपलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उक्षी माझ्या यादीत नव्हतं, पुढच्या खेपेला दुपारनंतरच जाईन. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षा किंवा एसटी धरावी लागते, हे नव्यानं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही. तिकडे फिरती असणारे कोण आहेत?