जुनी शुअर व्ही-१५ टाइप ३ मिळतेय, १२ हजारात घेऊ का?

चकतीवेडा, पुणे
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझ्याकडे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ रेकॉर्ड प्लेअर आहे, मामाने दुबईहून परत येताना आणलेला, आणि त्यावर सध्या एक साधी कार्ट्रिज (आर्मच्या टोकाला सुई धरणारी डबी) लावून काम भागवतोय. सोसायटीतल्या एका काकांच्या ओळखीतले गृहस्थ घर रिकामं करतायत, त्यांच्याकडे शुअर व्ही-१५ टाइप ३ कार्ट्रिज आहे, डबीसकट, आत तो चिमुकला स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रूसुद्धा जागच्या जागी. १२ हजार म्हणतायत. त्यांच्याच घरी त्यांच्याच प्लेअरवर ऐकली, भीमसेनांची एलपी होती, पहिली पाच मिनिटं एक नंबर, अंगावर काटा आला खरंच. डावीकडून आवाज जरा कमी वाटला पण ते म्हणाले स्पीकर जुना झालाय. सुईवर वजन किती ठेवू विचारलं तर म्हणाले अडीच ग्रॅम, मी कायम अडीचवरच ठेवतो, उडत नाही बिडत नाही. पिन, म्हणजे सुई आणि तिची दांडी, म्हणे ओरिजिनल आहे आणि मोजून पन्नास तास वाजलीय.
रविवारपर्यंत सांगायचंय, नाहीतर जुन्या बाजारातला माणूस येऊन सगळंच उचलणार आहे. आणि आजोबांच्या बालगंधर्वांच्या आठ-दहा ७८ च्या रेकॉर्डी माळ्यावर आहेत, त्याही हिच्यावर वाजतील का?

बिनआवाजी
मोजून पन्नास तास 😂 जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण म्हणतो ना डॉक्टरची गाडी आहे, फक्त घर ते दवाखाना चालवली, तसलाच प्रकार. भाऊ, ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ मधली एखादी नवी घे, वॉरंटी मिळेल, पिन झिजली तर पिन बदल आणि सुखाने झोप. पन्नास वर्षांच्या रबरावर १२ हजार कशाला घालतोस.

जुना_मेकॅनिक, ठाणे
बिनआवाजी साहेबांचं चूक नाही, पण सरसकट असं म्हणायचं तर मग जुनं काहीच घ्यायला नको. चकतीवेडा, तुझ्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. अडीच ग्रॅम.
टाइप ३ ला शुअरने वजन सांगितलंय पाऊण ते सव्वा ग्रॅम. ही १९७३ ची कार्ट्रिज, हलक्या वजनावर खाचेला धरून राहते हेच तर तिचं नाव होतं. आता जो माणूस तिला दुप्पट वजनावर वाजवतो तो हौस म्हणून वाजवत नाही, सव्वावर ती नीट चालेना म्हणून हळूहळू वाढवत गेलेला असतो. पिनेच्या दांडीच्या मुळाशी एक रबराची इवलीशी गादी असते, ती वयाने कडक होते. कडक झाली की दांडी खाचेबरोबर हलत नाही, जड आवाज आला की सुई आपटते, फाटल्यासारखं ऐकू येतं, मग वजन वाढवलं की ते झाकलं जातं. झाकलं जातं म्हणतोय, जात नाही. आणि तोवर रेकॉर्डची वाट लागते ती वेगळीच. दुसरी शक्यता, पिन ओरिजिनल नाहीच, मागे कधीतरी कोणीतरी स्वस्तातली जाड पिन बसवून दिली असेल जिला वजनच तेवढं लागतं. दोन्ही केसमध्ये पिनेची किंमत तू शून्य धर.
पण शून्य फक्त पिनेची! एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, दांडीवर चुंबक आणि कॉइल बॉडीत) कार्ट्रिजमध्ये तू विकत घेतोस ती बॉडी, म्हणजे आतली कॉइल. पिन पुढून ओढली की निघते, नवी बसते. शुअरने स्वतः २०१८ ला हा धंदा बंद केला, पण जपानची जिको अजून हिच्यासाठी पिना बनवते. डेनॉन डीएल-१०३ सारखी एमसी (मूव्हिंग कॉइल, कॉइलच दांडीवर) असती तर मी सांगितलं असतं की लांब राहा, कारण तिची पिन घरी बदलताच येत नाही, पिन गेली म्हणजे सगळंच गेलं.
मग बॉडी कशी बघायची. मल्टिमीटर घेऊन जा. मागे वायरी जोडायच्या चार धातूच्या पिना असतात (सुईवाली पिन वेगळी), त्यावरच्या वायरी पांढरी-निळी म्हणजे डावा, लाल-हिरवी म्हणजे उजवा. वायरी काढून एकेका जोडीवर ओहम मोज, टाइप ३ ला १३५० च्या आसपास यायला हवेत, दोन्हीकडे जवळपास सारखे. ६३० च्या आसपास आले तर ती शुअरच्याच एम७५ वगैरे खालच्या घराण्यातली बॉडी असणार, डबीवर काहीही लिहिलेलं असू दे. काहीच नाही आलं तर कॉइल तुटली, नमस्कार करून चहा पिऊन घरी ये. हे मोजणं फक्त एमएमवर हां, एमसीच्या नाजूक कॉइलला मीटर लावू नये.
डाव्या आवाजाचं: हेडशेलमधल्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज जिथे बसते तो भाग) डाव्या-उजव्या वायरी आपसात बदल. कमी आवाज उजव्या स्पीकरवर गेला तर दोष कार्ट्रिजकडे किंवा तिच्या मागच्या पिनांवर, डावीकडेच राहिला तर पुढे कुठेतरी, तेव्हा गृहस्थ खरं बोलतायत.
आणि पहिलं गाणं ऐकून भुलू नकोस. एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटरने पळते, लेबलपाशी येईपर्यंत २० वर येते, म्हणजे तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झिजलेली पिन तिथेच पकडली जाते. शेवटचं गाणं लाव, बाईचा आवाज असेल तर उत्तम, आणि 'स' 'श' ऐक, थुंकल्यासारखे आले की समजायचं. ऐकताना वजन सव्वा ठेव, त्यांचं अडीच नाही. आणि रेकॉर्ड स्वतःची, पण जीव जडलेली नको.

हिस्सहिस्स, नाशिक
वरच्यांनी पिनेबद्दल लिहिलंच आहे, मी फक्त माझं हात पोळलेलं सांगतो. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून सीलबंद जुनी पिन घेतली, न वापरलेली, पॅकिंगचं प्लास्टिकसुद्धा पिवळं पडलेलं, मी खूश, खजिनाच सापडला. लावली, सव्वा ग्रॅम दिलं, आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकलं. अक्षरशः टेकलं, सुई आत दबून गेली. रबर कडक व्हायच्या ऐवजी चिक्कट होऊन बसलं होतं, टोकाने हलवलं तर दांडी परत जागेवर येईना. चाळीस वर्षं डबीत पडून राहिलेली पिन म्हणजे नवी पिन नव्हे, सील बघून पैसे देऊ नका एवढंच.
भिंगाबद्दलही बोलतो कारण लोक सराफाचं १० पटीचं भिंग घेऊन जातात. त्यात दांडी वाकडी आहे का, हिरा जागेवर आहे का, कचऱ्याचं बोंडूक जमलंय का एवढंच कळतं. झीज म्हणजे हिऱ्याच्या दोन्ही अंगाला घासून सपाट झालेले डाग, उजेड फिरवला की आरशासारखे चमकतात, ते बघायला शंभर-दोनशे पट लागतं.
आणि एक, हे कोणी सांगत नाही. टाइप ३ ला ४०० ते ५०० पिकोफॅरड लोड, म्हणजे पुढच्या वायरी आणि प्रीअँप मिळून तेवढा कपॅसिटन्स, लागतो. आजकालच्या फोनो प्रीअँपमध्ये (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) शंभर-दोनशेच असतो, वायरीचा धरूनही कमी पडतो, मग वरचे सूर सपाट न राहता वरखाली होतात आणि लोक म्हणतात शुअरचं नाव मोठं लक्षण खोटं. प्रीअँपला कपॅसिटन्सचं बटण आहे का बघ आधी.
आर्म तुझा चालेल, आर्म आणि पिन मिळून कितीवर डोलतात (रेझोनन्स) त्याचा हिशेब सांगतो. टेक्निक्सचा १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६, स्क्रू १, झाले १९. पिनेची लवचीकता समजा २५ धरली, गुणाकार ४७५, त्याचं वर्गमूळ २१.८, १५९ ला त्याने भागलं की ७.३ हर्ट्झ. ८ ते १२ आदर्श म्हणतात, तू किंचित खाली, वाकड्या रेकॉर्डवर वूफर नाचताना दिसेल, बाकी काही नाही.

बिनआवाजी
वर्गमूळ काढून गाणी ऐकणारे लोक 🙏
पण ७८ चं कोणी सांगितलं नाही. अरे तुझ्या एमके२ ला ७८ चा स्पीडच नाहीये, ३३ आणि ४५ दोनच बटणं. कार्ट्रिज नंतरची गोष्ट.

जुना_मेकॅनिक, ठाणे
हाहा, बरोबर, माझ्याही लक्षात आलं नाही. तरी लिहून ठेवतो, स्पीड असलेला प्लेअर मिळाला तरी एलपीची पिन ७८ वर लावू नकोस. टाइप ३ च्या ओरिजिनल पिनेचं टोक रुंदीच्या बाजूनेही १८ मायक्रॉन, आणि ७८ च्या खाचेला लागतं ७५ च्या घरातलं. बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते, बालगंधर्व कमी आणि भजी तळल्याचा आवाज जास्त.

चकतीवेडा, पुणे
जाऊन आलो. मीटर बघून ते आधी जरा नाराज झाले, मग त्यांनाच मजा वाटायला लागली, चष्मा लावून शेजारी येऊन बसले. डावा १३४२, उजवा १३५५. म्हणजे बॉडी खरी. वायरी बदलल्या तर कमी आवाज उजवीकडे गेला!! म्हटलं संपलं, पण ओहम तर बरोबर आलेले, म्हणून वायरी परत काढून बघितलं तर मागच्या, पांढऱ्या वायरीच्या पिनेवर हिरवट थर, आयसोप्रोपिलने कापसाच्या काडीवर पुसला, काडी काळी झाली आणि दोन्ही स्पीकर सारखे.
पिन मात्र गेलीय. सव्वा ग्रॅमवर शेवटच्या गाण्यात 'सजना' चं 'शझना' झालं, आणि समोरून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर दांडी किंचित डावीकडे कललेली. त्यांना ऐकवलं, फार बोलले नाहीत. म्हणाले म्हणजे मी किती वर्षं असं ऐकतोय. मलाच वाईट वाटलं.
साडेचार हजारात द्यायला तयार झाले, पिन नवी घ्यावी लागणार हे धरून. मी पाच हजार दिले. थर लागलेल्या पिनेवरची वायरीची टोपी सैल आहे, डाग मारून टाकू का कायमचा?

जुना_मेकॅनिक, ठाणे
अजिबात नाही!! कार्ट्रिजच्या मागच्या पिनेवर थेट सोल्डर केलंस की उष्णता आत जाऊन केसाएवढी कॉइलची वायर तुटेल, मग ते १३४२ परत दिसायचे नाहीत. टोपी काढून पक्कडीने हलकीच दाब आणि परत बसव. हेडशेलमध्ये बसवताना सुईच्या टोकापासून मागच्या रबरी वायसरपर्यंत ५२ मिलिमीटर ठेव, टेक्निक्सचं माप तेच आहे. जुनी पिन फेकू नकोस, नवी येईपर्यंत माप जुळवायला ती बरी पडते.

बिनआवाजी
नवी पिन आली की इथे सांग. आणि त्या काकांना बोलव ऐकायला.